आडातलं आणि पोहऱ्यातलं

चार-पाच हजारांचा डिस्क प्लेयर घरात व्यवस्थित चालू असताना माणूस त्याच्या वीसपट किमतीचा प्लेयर का घेतो? तेही आजच्या काळात, जेव्हा टीव्हीच्या रिमोटवर चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांची बटणं आयती छापून येतात? गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं. म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की ‘वाच’ म्हणून मोकळं!

आधीच सांगतो, ‘कोणता प्लेयर घ्यावा’ छापाचा हा लेख नाही. मी इंजिनिअर नाही, विक्रेता तर नाहीच. बँकेत आकडेमोड करण्यात आयुष्य गेलेला एक हौशी माणूस आहे. तीस-पस्तीस वर्षं चित्रपट आणि गाणं या दोन गोष्टींवर जमेल तसा खर्च करत आलोय, आणि त्यातून माझं एक मत बनलंय. ते एका जुन्या म्हणीत मावतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डिस्क म्हणजे आड, प्लेयर म्हणजे पोहरा. या छंदात सगळी चर्चा, सगळ्या जाहिराती आणि सगळे वाद पोहऱ्याचे चालतात. आडात डोकावून फारसं कोणी बघत नाही.

आमच्या पिढीने हा पोहरा किती वेळा बदलला ते आठवून बघा. आधी व्हिडिओ कॅसेट. शनिवारी संध्याकाळी व्हीसीआर भाड्याने आणायचा, सोबत तीन कॅसेट, आणि रविवारी सगळं परत करायचं म्हणून अख्ख्या चाळीने रात्रभर जागून तिन्ही चित्रपट संपवायचे. पावसाळ्यात त्या टेपला पांढरी बुरशी धरायची. मग व्हीसीडी आली. मग डीव्हीडी. ती जपानमध्ये १९९६च्या नोव्हेंबरात निघाली, पण आपल्याकडे घरोघरी पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. २००७ साली मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर सिनेमाच्या तिकिटापेक्षा सिनेमाच स्वस्त झाला. (पुढे २०१८मध्ये ती कंपनीच मोडीत काढण्याचा आदेश निघाला. असो.) २००६मध्ये ब्लू-रे आली. तिची एचडी डीव्हीडीशी जुंपलेली लढाई २००८च्या फेब्रुवारीत तोशिबाने माघार घेतल्यावर संपली. आणि २०१६मध्ये आली फोर-के ब्लू-रे, जिच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला.

आता थोडी आकडेमोड. सवयच आहे ती, माफ करा. आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. म्हणजे एक लाखाच्या जरा वर. डीव्हीडीचं ७२० गुणिले ५७६, साधारण सव्वाचार लाख. ब्लू-रेचं वीस लाखांच्या वर आणि फोर-केचं ८३ लाखांच्या आसपास. फोर-के हे डीव्हीडीच्या बरोब्बर २० पट आणि व्हीसीडीच्या जवळजवळ ८२ पट भरतं. म्हणजे फोर-केच्या पडद्यावर तुम्ही डीव्हीडी लावता तेव्हा दर २० ठिपक्यांमागे १ ठिपका डिस्कवरचा असतो, बाकीचे १९ यंत्राने अंदाजपंचे भरलेले असतात. व्हीसीडी लावलीत तर ८२मधले ८१ अंदाजाचे! यंत्र कितीही हुशार असो, न लिहिलेल्या पत्रातला मजकूर ते कुठून वाचणार?

हे साधं गणित दुकानात कोणी सांगत नाही. दुकानात सांगतात ते वेगळंच. ‘सर, चित्र खुलतं’, ‘काळा रंग खरा काळा दिसतो’, ‘पडदा बाजूला केल्यासारखं वाटतं’. मला एका दुकानात अर्धा तास हेच ऐकवलं, आणि शेवटी प्लेयरच्या निम्म्या किमतीची एचडीएमआय वायर गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. ती घेतली नाही. कारण डिस्कवरचे शून्य आणि एक वाचायचे आणि ते वायरीतून पुढे पाठवायचे, हे काम आता कुठलाही बरा प्लेयर चोख करतो. शून्याचं एक झालं तर चित्र किंचित फिकट होत नाही, ते सरळ फुटतं नाहीतर अडकतं. बँकेच्या खात्यातला आकडा महागड्या संगणकावर पाहिला म्हणून वाढत नाही, तसंच हे.

या बाबतीत २०१० सालची एक गोष्ट प्रत्येक हौशी माणसाने पाठ करून ठेवावी अशी आहे. लेक्सिकॉन या नावाजलेल्या कंपनीने बीडी-३० नावाचा ब्लू-रे प्लेयर काढला. किंमत ३,५०० डॉलर. ‘ऑडिओहॉलिक्स’ या परीक्षण करणाऱ्या मंडळींनी त्याचं झाकण उघडलं, तर आत ओप्पो कंपनीचा बीडीपी-८३ हा ४९९ डॉलरचा प्लेयर, नुसते सुटे भाग नव्हे, सांगाड्यासकट, जसाच्या तसा बसवलेला! वरून जाड अॅल्युमिनियमचा अंगरखा. त्यांनी मोजमापं घेतली, तीही सारखीच आली. हा ओप्पो प्लेयर वाईट होता असं मुळीच नाही, त्या काळातला तो फार उत्तम प्लेयर होता. पण ३,००० डॉलर कशाचे घेतले, तर अंगरख्याचे. तेव्हापासून ‘हाय-एंड’ हा शब्द ऐकला की मी आधी मनातल्या मनात झाकण उघडून बघतो.

मग तुम्ही म्हणाल, एवढं कळतंय तर घेतलात कशाला? सांगतो.

मी घेतला तो पॅनासॉनिकचा यूबी ९०००. हे २०१८मध्ये आलेलं मॉडेल. वजन आठ किलोच्या आसपास, म्हणजे आधीचा प्लेयर एका हाताच्या दोन बोटांत मावायचा, हा उचलायला दोन हात लागतात. पुतण्या जर्मनीत असतो, तो येताना घेऊन आला (अमेरिकेतून मागवला असता तर व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मरचं लटांबर मागे लागलं असतं). याचं एक धाकटं भावंडं आहे, यूबी ८२०, साधारण निम्म्या किमतीचं. एचडीएमआयमधून निघणारं चित्र दोघांचं सारखंच म्हणावं इतकं जवळ आहे. हे मी घेण्याआधीच वाचलं होतं, आणि तरी थोरला घेतला. कारणं पुढे येतीलच.

घरी आल्यावर मी आणि मुलाने एक प्रयोग केला. साधी ब्लू-रे, एकच डिस्क, एकच प्रसंग. मी प्रोजेक्टरच्या पडद्याकडे तोंड करून बसायचं, मुलाने मागे कधी जुन्या प्लेयरवर तर कधी नव्यावर ती लावायची, आणि मी ओळखायचं. दहा वेळा केलं. बरोबर आले पाच. म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढेच आले असते. मुलगा म्हणाला, “बाबा, एवढ्या पैशात आपण सगळे लडाखला जाऊन आलो असतो.” मी म्हटलं, थांब, अजून दोन फेऱ्या बाकी आहेत.

दुसरी फेरी फोर-के डिस्कची. ती जुन्या प्लेयरवर चालतच नाही, त्यामुळे नव्या प्लेयरमधलीच एक सोय चालू आणि बंद करून पाहिली. ही सोय काय ते सांगायला हवं, कारण मला विचाराल तर महागड्या प्लेयरमध्ये चित्रासाठी पैसे मोजण्याजोगी एवढीच गोष्ट आहे. या डिस्कवर उजेडाची पातळी फार वरपर्यंत नोंदलेली असते. उजेड मोजायचं एकक आहे निट. बऱ्याच डिस्क १,००० निट धरून बनवलेल्या असतात, काही तर ४,००० धरून. घरगुती प्रोजेक्टरच्या पडद्यावर मात्र १०० निट मिळाले तरी पुष्कळ. मग वरच्या ९०० निटांचं काय करायचं? सरळ कापून टाकले तर आकाशातले ढग जाऊन नुसता पांढरा पत्रा दिसतो. सगळंच दाबून खाली आणलं तर दिवसाढवळ्याचा प्रसंग ग्रहण लागल्यासारखा होतो. हा भला मोठा पसारा लहान खोलीत नीट लावायचं काम कोणीतरी करावं लागतं. टीव्ही ते आपलं आपण बऱ्यापैकी करतो. माझ्यासारख्या जुन्या प्रोजेक्टरला ते जमत नाही, ते या प्लेयरला जमतं. तुमच्याकडे पडदा कसला आहे ते सांगितलं की त्या बेताने तो उजेड बसवून देतो. या फेरीत दहापैकी दहा बरोबर आले. आमच्या सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनाही चष्म्याशिवाय कळलं.

तिसरी फेरी गाण्याची. माझ्याकडे शास्त्रीय संगीताच्या पाचशेच्या वर सीडी आहेत. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतले सगळे दिवाळी बोनस त्यात गेलेत. सीडी म्हणजे सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटांची. १९८० साली ठरलेलं हे माप आजही कानाला पुरून उरतं. इथे मात्र आकड्यांचा आवाज करण्याचं काम प्लेयरच्या आत होतं आणि तिथे चांगल्या-वाईटाला वाव असतो. माझा स्टीरिओ अँप्लिफायर जुना आहे, त्याला आवाजच द्यावा लागतो, आकडे समजत नाहीत. या फेरीत दहापैकी सात. सातावर छातीठोक काही म्हणता येत नाही, हे बँकेतल्या माणसाला कळतं. पण विलंबित ख्यालामागचा तंबोरा मला नव्या प्लेयरवर अधिक सलग ऐकू येतो, आणि रात्री तेच ऐकत बसावंसं वाटतं. थोरलं भावंडं घेण्याचं हे पहिलं कारण.

आणखी एक फायदा झाला, तो व्यवहारी. या प्लेयरला एचडीएमआयची दोन भोकं आहेत, एक चित्रासाठी, एक आवाजासाठी. चित्राची वायर थेट प्रोजेक्टरला, आवाजाची होम थिएटरच्या रिसीव्हरला. माझ्या रिसीव्हरमधून फोर-के चित्र पुढे जात नाही, त्यामुळे एकच भोक असतं तर रिसीव्हरही बदलावा लागला असता. एका यंत्रापायी दुसरं यंत्र, दुसऱ्यापायी तिसरं, ही या छंदातली खरी खाई आहे. तेव्हा प्लेयर घेताना दोन भोकं बघून घ्या. ती धाकट्या भावंडालाही आहेत.

हे सगळं लिहिलं तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्यांच्या घरी टीव्हीचेच स्पीकर आहेत आणि दुपारी खिडकीतून लख्ख ऊन पडद्यावर येतं, त्यांनी महागड्या प्लेयरच्या वाटेला जाऊ नये. पहिला खर्च जाड पडद्यांचा, खिडकीच्या. दुसरा खर्च मधल्या स्पीकरचा, कारण संवाद जवळजवळ सगळे त्यातूनच येतात आणि ‘काय म्हणाला?’ हा प्रश्न त्यानेच बंद होतो. भिंतींवर पुस्तकांची कपाटं असली तर खोलीचा घुमारा आपोआप कमी होतो, त्याला वेगळा खर्च नाही. आणि सबवूफरखाली जाड रबराचे पाय लावा. खालच्या मजल्यावर जोशीकाका असतील तर त्यांच्या छतातून तोफा सुटतात, आणि सोसायटीच्या सभेत त्या आपल्यावर उलटतात. या सगळ्यानंतर पैसे उरले तर प्लेयर.

आता मुख्य मुद्दा. प्रयोगाचा निकाल पुन्हा बघा. साध्या ब्लू-रेवर महागड्या प्लेयरने काहीच भर घातली नाही. जिथे फरक पडला तिथे तो डिस्कमध्ये आधीच होता, प्लेयरने फक्त तो वाया जाऊ दिला नाही. म्हणजे पोहरा चांगला असण्याचा अर्थ एवढाच, की पाणी वाटेत सांडत नाही. पाणी मात्र आडातलंच.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा १९६२चा चित्रपट. तो ६५ मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर चित्रित झाला आणि त्याची फोर-के डिस्क २०२०मध्ये आली. त्यात एक प्रसंग आहे. वाळवंटाच्या टोकाला, मृगजळात, एक ठिपका थरथरताना दिसतो, आणि तो हळूहळू मोठा होत उंटावरून येणारा ओमर शरीफ होतो. दिग्दर्शक तुम्हाला त्या ठिपक्याकडे बघत ताटकळत ठेवतो. हा प्रसंग मी कॅसेटवर पाहिला होता, तेव्हा ठिपका दिसायच्या आधी सरळ माणूसच दिसला होता! डीव्हीडीवर ठिपका दिसला. फोर-केवर ठिपक्याभोवतीची तापलेली हवा दिसली. आणि गंमत बघा, २००० ते २०१५च्या दरम्यानचे कित्येक गाजलेले चित्रपट संगणकावर टू-केमध्येच पक्के केले गेले, त्यामुळे त्यांच्या ‘फोर-के’ डिस्कवरचं चित्र मुळात ताणून मोठं केलेलं असतं. साठ वर्षांपूर्वीचा आड खोल आहे, परवाचा उथळ. पेटीवरचं लेबल दोन्हींचं एकच.

“पण हे सगळं ऑनलाइन फोर-केमध्ये मिळतं की!” हा पुढचा प्रश्न. मिळतं, खरं आहे. मीही बघतो. पण नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरेसं मानतं. डिस्कवरून तेच चित्र ५०-६० मेगाबिटच्या पुढे सहज जातं. म्हणजे आड खोल असला तरी नळाची तोटी बारीक. धुकं, धूर, रात्रीचं आकाश अशा ठिकाणी ते कळतं, रंगाच्या पायऱ्या दिसायला लागतात. आवाजाचंही तसंच. ऑनलाइन येणारा डॉल्बी अॅटमॉस बहुतेक ठिकाणी दाबून लहान केलेला असतो, डिस्कवर तो जसा स्टुडिओत बनला तसा असतो. तरी एक गोष्ट मान्य करतो. घरातल्या बाकी तिघांना हा फरक जाणवत नाही. आमच्या सौ. म्हणतात, “अहो, हीरो तोच, गोष्ट तीच, मग काय फरक पडतो?” यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि फक्त याच फरकासाठी मी एवढे पैसे घातलेही नसते.

पैसे घातले ते मालकीसाठी. २००९च्या जुलैमध्ये अॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली एक कादंबरी त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली. कादंबरी कुठली, तर जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’! पैसे परत दिले, पण प्रश्न पैशांचा नव्हता. २०२३च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशनवाल्यांना कळवलं, की तुम्ही विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम आता तुमच्या संग्रहातून जातील. ओरडा झाल्यावर त्याच महिन्यात नवा करार करून ते थांबवलं. कॅलिफोर्नियाने तर २०२४मध्ये कायदाच केला, की जे कधीही काढून घेतलं जाऊ शकतं ते विकताना ग्राहकाला तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हे शब्द वापरता येणार नाहीत. कायद्याला हे सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

हे वाईट लोक आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांचे करार संपतात, चित्रपट एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातो, मध्येच कुठेच नसतो. भाड्याच्या घराचा तो नियमच आहे. पण काही चित्रपट मला भाड्याच्या घरात ठेवायचे नाहीत. कपाटातल्या डिस्कला कोणाचा करार लागत नाही.

आणि इथेच घाई होती. डिस्क राहतील, पण त्या वाचणारं यंत्र राहील का? ओप्पोने २०१८च्या एप्रिलमध्ये प्लेयर बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. ५४९ डॉलरचा त्यांचा शेवटचा लोकप्रिय प्लेयर त्यानंतर जुन्या बाजारात नव्यापेक्षा महाग विकला जाऊ लागला. २०१९मध्ये सॅमसंगने अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेयर आणणं थांबवलं. २०२४च्या शेवटी एलजीनेही हात झटकले. राहिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्या कुलपाची किल्ली बनवणारे एकेक करून दुकान बंद करताहेत, त्याची एक मजबूत किल्ली वेळेत करून ठेवावी. थोरलं, जड, महाग भावंडं घेण्याचं माझं दुसरं आणि खरं कारण हे. मला चांगलं चित्र दाखवणारं यंत्र नको होतं, तेवढं धाकट्यातही होतं. मला पंधरा-वीस वर्षं टिकेल असं यंत्र हवं होतं.

डिस्कही अमर नसतात, हे मला ठाऊक आहे. सीडीचा जीव लेबलाच्या लगेच खाली असतो, त्यामुळे तिला खालून पडलेल्या ओरखड्यापेक्षा वरून पडलेला ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. ब्लू-रेत खालच्या पृष्ठभागापासून एक दशांश मिलिमीटरवर, पण त्यावर कडक लेप असतो. डिस्क उभ्या ठेवा, उन्हात ठेवू नका, कडेनेच धरा. एवढं केलं तर त्या आपल्याला पुरून उरतील. परदेशातून डिस्क मागवणार असाल तर भाग बघून घ्या. भारत डीव्हीडीसाठी ५ क्रमांकाच्या विभागात येतो, ब्लू-रेसाठी ‘सी’त. फोर-के डिस्कना मात्र विभागाची भानगडच नाही, कुठूनही आणा, चालते.

आता जे मला खरं खुपतं ते लिहितो.

प्लेयर आल्यावर मी कपाट नव्याने लावलं. इंग्रजी, जपानी, हिंदी, बंगाली असे खण केले. जपानी खणात कुरोसावाच्या ब्लू-रे आहेत. बंगाली खणात अपू त्रयी आहे. मराठी खणात सगळ्यात जास्त डिस्क आहेत, चांगल्या शंभर-सव्वाशे, आणि त्यात एकही ब्लू-रे नाही. निम्म्या व्हीसीडी. उरलेल्या डीव्हीडी, त्यातही ‘एकात तीन’वाल्या बऱ्याच, म्हणजे एका चित्रपटाच्या जागेत तीन कोंबलेले. नाटकांच्या व्हीसीडी आहेत, ज्यात नटाच्या चेहऱ्याच्या जागी एक गुलाबी डाग हलतो आणि आवाजावरूनच ओळखायचं कोण बोलतंय ते. जगातल्या उत्तम प्लेयरपैकी एक माझ्या घरात आहे, आणि माझ्या स्वतःच्या भाषेतला चित्रपट लावला की तो बिचारा ८२मधले ८१ ठिपके अंदाजाने भरत बसतो. (जुना प्लेयर म्हणूनच टाकलेला नाही. व्हीसीडी त्याच्यावरच लावतो.)

‘आपल्याकडे मूळ फिल्मच राहिल्या नाहीत, मग डिस्क कुठून येणार’ असं म्हणायची सोय आहे. पण अपू त्रयीचं उदाहरण घ्या. १९९३मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि सत्यजित राय यांच्या या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्या कोणी फेकून दिल्या नाहीत. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने जपून ठेवल्या. वीस वर्षांनी इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या फिल्ममध्ये पुन्हा लवचिकपणा आणला, जिथे पार जळाली होती तिथे दुसऱ्या प्रतींमधून भर घातली, आणि २०१५मध्ये क्रायटेरियनने ब्लू-रे काढली. आज ती कोणीही विकत घेऊन घरी नेऊ शकतो.

आग आपल्याकडेही लागली. ८ जानेवारी २००३ला, पुण्यात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला. प्रभातच्या चित्रपटांचे मूळ रोल त्यात गेले, ज्या आवारात ते चित्रपट बनले त्याच आवारात. बऱ्याच चित्रपटांच्या नंतरच्या, न पेटणाऱ्या फिल्मवर काढलेल्या प्रती होत्या म्हणून ते वाचले. २०२२मध्ये केंद्र सरकारने ३६३ कोटी रुपये खर्चून सुमारे २,२०० भारतीय चित्रपटांची डागडुजी करायचं जाहीर केलं. ही फार चांगली गोष्ट आहे, मनापासून सांगतो. पण नीट केलेला चित्रपट महोत्सवात एकदा दाखवून पुन्हा कोठारात गेला, तर सामान्य माणसाच्या दृष्टीने आड भरला आणि वर झाकण बसलं. हजार-पाचशे प्रतींची का होईना, एक चांगली डिस्क काढा. दोन हजार रुपये किंमत ठेवा. आपल्याकडे लग्नात त्याहून महाग फेटे बांधतात लोक. घेणारे निघतील. मी पहिल्या दिवशी रांगेत असेन.

तोवर माझा सल्ला एवढाच. प्लेयर बदलायचा विचार मनात आला की आधी कपाट उघडा आणि डिस्क मोजा. जिथे प्लेयरच्या किमतीपेक्षा डिस्कची किंमत जास्त भरते तिथे चांगला प्लेयर शोभतो. जिथे उलट आहे तिथे ते पैसे डिस्कवर घाला. मी गेल्या वर्षी प्लेयर घेतला, यंदा यंत्रावर एक रुपया नाही. यंदा दर महिन्याला एक डिस्क येते. या महिन्यातली आजच कुरिअरने आली, आणि मराठी खणात मी मुद्दाम एक वीतभर जागा मोकळी ठेवली आहे.